सिरिल स्नीथचं खाकी विमान

आमच्या रिमोटवरच्या विमानांच्या क्लबात विमानवाल्यांच्या दोन जमाती आहेत. एक, दुकानातून तयार फोमचं विमान आणून दुपारी उडवणारे आणि संध्याकाळी त्याचे तुकडे पिशवीत भरून घरी नेणारे. दुसरे, वर्षानुवर्षं घरात लाकूड तासत बसणारे. सिरिल स्नीथ दुसऱ्या जमातीतला, आणि त्यातही कट्टर. त्याने एका विमानाला नऊ वर्षं लावली. तेवढ्या काळात आमच्या डेरेक मॉल्टबीची दोन लग्नं झाली आणि एक मोडलं. कुठलं, ते त्यालाही नक्की सांगता येत नाही.

सिरिल आयुष्यभर पाणी उपसायच्या पंपघरावर होता. आमचा हा लिंकनशायरचा सपाट मुलूख समुद्राच्या पातळीखाली. पंप थांबले तर बीटाची शेतं आठवड्यात बुडायची. चाळीस वर्षं त्याने ते थांबू दिले नाहीत, आणि त्याबद्दल कुणी त्याला कधी धन्यवाद दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीतला पाहुण्यांचा पलंग मोडून तिथे टेबल मांडलं. पलंगाचं लाकूड विमानात वापरलं ही अफवा मीच उठवली होती. खरी निघाली.

आता, बांधायचं तर लोक देखणं काहीतरी बांधतात. आमच्याकडे लाल रंगाच्या जर्मन तिपंखी विमानाच्या चार प्रती आहेत, चारही प्रतींचे मालक एकमेकांशी बोलत नाहीत. सिरिलने निवडलं आर.ई.८. पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक दोन पंख असलेलं, पुढे पायलट आणि मागे बंदूकवाला. दिसायला असं की पाठीत लचक भरलेली बाई शेपटी वर करून उभी आहे. वरचा पंख लांब, खालचा आखूड, आणि उडताना हात जरा सैल सोडला की गिरकी खाऊन खाली. मी त्याला म्हटलं होतं, "सिरिल, बाजारात एवढी विमानं असताना तुला नेमकी ही सासूबाई कशी सापडली?" तो म्हणाला, "हिचं कौतुक कुणीच करत नाही म्हणून."

खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचं विमान, पण सगळं खरं. संग्रहालयातल्या विमानाला तो चार वेळा भेटून आला, फूटपट्टी घेऊन. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्याने त्याला पंखाखाली आडवा पडलेला पकडला. पंखावरचं कापड आतल्या फासळ्यांना दोऱ्याने शिवलेलं असतं. किती अंतरावर टाका आहे आणि गाठ कुठल्या बाजूला, ते तो मोजत होता. मग घरी येऊन त्याने तसेच टाके घातले. प्रत्येक टाक्यावर कापडाची पट्टी चिकटवायची, म्हणजे टाका झाकला जातो. तीन फुटांवरून तो कुणालाही दिसत नाही. असे दोन हजारांवर टाके. कापडावर फासायच्या रोगणाच्या वासाने त्याच्या बायकोचं, मेव्हिसचं, डोकं उठायचं. ती मला म्हणायची, "दुसऱ्या बाईच्या नादी लागला असता तर निदान अत्तराचा वास आला असता."

क्लबात एक पद्धत आहे. ज्याने बांधलं त्यानेच आपल्या हाताने उडवून उतरवलं, तर ते विमान त्याचं. तोवर आम्ही त्याला कपाट म्हणतो. नऊ वर्षं सिरिल आला की कुणी ना कुणी विचारायचं, कपाट कसं आहे. तो पोर्क पाईचा घास गिळून शांतपणे म्हणायचा, "उडेल. मी उडवीन." त्याला दुसरं काही नको होतं. बक्षीस नको, फोटो नको. एकदाच, स्वतःच्या हातांनी.

सातव्या वर्षी त्याचे डोळे जायला लागले.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं: एका रविवारी त्याने वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबाला "काय रे रॉय, आज लवकर" असं म्हटलं. आमच्या क्लबातला रॉय हडकुळा आहे हे कबूल, पण एवढा नाही. पुढच्या आठवड्यात चहा कपाशेजारी ओतला. मग त्याचं गाडी चालवणं बंद झालं आणि मेव्हिस चालवायला लागली, तेव्हा पूर्ण गावालाच कळलं, कारण कुंपणांवर खुणा दिसू लागल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध डाग पडतोय आणि तो वाढत जाणार. कडेचं थोडं दिसत राहील. जिथे बघावं तेच दिसणार नाही.

शहाणा माणूस असता तर उरलेले टाके सोडून देऊन विमान दोन महिन्यांत मैदानावर आणलं असतं. सिरिलने टाके सोडले नाहीत. मेव्हिस सुईत दोरा ओवून द्यायची आणि तो बोटांनी चाचपत शिवायचा. दोन वर्षं. मी एकदा हे स्पष्ट बोललो. त्यावर तो म्हणाला, "टाके नसतील तर मग ते आर.ई.८ नाही. मग मी कशाला उडवू?"

रंगाचंही तेच. वरून मातकट खाकी, खालून बिनधुतल्या चादरीसारखं फिकट. लढाईत शत्रूला दिसू नये म्हणून शोधलेला रंग. आमच्या खेळात डोळ्यांना रंगाचाच आधार असतो. विमान येतंय की जातंय हे रंगावरूनच कळतं. ते एकदा चुकलं की डावं-उजवं उलटं होतं आणि विमान जमिनीत. रोलंड एल्विज म्हणून आमच्यातला सगळ्यात चांगला उडवणारा आहे, धंद्याने खाटीक, हात लोण्यासारखे. त्याने काकुळतीला येऊन सांगितलं की खालच्या पंखाला नारिंगी टेपचा एक पट्टा लाव, उडवून झालं की काढून टाक.

"१९१७ साली असा पट्टा लावला असता तर पहिल्या दिवशी गोळी खाल्ली असती," सिरिल म्हणाला.

मी म्हटलं, इथे गोळी कोण घालणार, फार तर रोलंडचा कुत्रा भुंकेल. सगळे हसले. सिरिलही हसला. पट्टा लावला नाही.

मग आम्ही त्याच्या पाठीमागे बैठक घेतली. कल्पना माझी होती. क्लबातल्या भल्याबुऱ्या कल्पना बहुतेक माझ्याच असतात. शिकाऊ माणसाच्या रिमोटला मास्तरचा रिमोट बिनतारी जोडता येतो. मास्तर आपल्या रिमोटवरचं एक बटण धरून ठेवतो, तोवर विमान शिकाऊच्या ताब्यात. बटण सोडलं की मास्तरच्या. रिमोटच्या पडद्यावरची बारीक अक्षरं सिरिलला वाचता येत नव्हती, म्हणून ती जुळणी त्याने रोलंडवरच सोपवली होती. आमचं काम सोपं झालं. सिरिल उडवील, चुकला तर रोलंड मागून सावरील, आणि सिरिलला कधी कळणार नाही. मेव्हिसला विचारलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्याला कळलं तर मला यातलं काही माहीत नव्हतं."

सप्टेंबरचा रविवार. वारा जवळजवळ नाही, आभाळ राखाडी. पहिल्या उड्डाणाला बाकीच्यांनी आपापली विमानं उतरवून आकाश मोकळं करायचं असतं. सगळी उतरली. सिरिल धावपट्टीच्या कडेला उभा, मी त्याच्या डाव्या हाताला वेळ मोजायला, आणि रोलंड तीन पावलं मागे, रिमोट जाकिटाखाली धरून. सात महिन्यांची गरोदर बाई असल्यासारखा दिसत होता. एरवी मी ते बोललो असतो.

उड्डाण सिरिलनेच केलं. त्यात कुणाचा हात नव्हता. गवतावरून डुलत गेलं, शेपटी उचलली, आणि हवेत गेलं. पहिलं वळणही त्याचंच. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. चेहरा आभाळाकडे नव्हताच, जरा तिरका, कडेच्या उरल्यासुरल्या नजरेने ते पकडायचा प्रयत्न चाललेला. मग खाकी रंग राखाडीत विरघळला. मलासुद्धा क्षणभर विमान सापडेना. एक पंख खाली गेला आणि तसाच खाली राहिला. मागे रोलंडने बटण सोडल्याची टिक ऐकू आली. मला ऐकू आली.

माझ्या घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

विमान सरळ झालं. सुरेख चक्कर मारून आमच्यासमोरून गेलं, पंखांमधल्या तारा शिट्टी घालत होत्या. डेरेक टाळ्या वाजवू लागला. सिरिलचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर हलत होते. मग हलायचे थांबले. त्याने अंगठे वर उचलले, दोन्ही, आणि धरून ठेवले. विमान चक्कर मारतच होतं. सिरिल कान देऊन ऐकत होता. एक पूर्ण चक्कर त्याने ऐकली. मग गळ्यातला पट्टा काढून रिमोट गवतावर ठेवला, अंडी ठेवावीत तसा.

"रोलंड," तो म्हणाला, मागे न वळता, "उतरव आता. पेट्रोल फार नाही त्यात."

रोलंडने उतरवलं. इतकं हळू की चाकांना गवत लागल्याचं कळलंसुद्धा नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोलंडचं तोंड त्याच्या दुकानातल्या मांसासारखं झालं होतं. तो म्हणाला, "सिरिल, मी फक्त जरासा..." सिरिलने त्याला पुढे बोलू दिलं नाही. चाचपत एकेक तार सोडवली, पंख उतरवले, चादरीत गुंडाळले. मेव्हिसने गाडीचा दरवाजा उघडला आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता निघाली.

बुधवारी मी गेलो. काही हसण्यासारखं घेऊन जावं म्हणून रस्ताभर डोकं खाजवलं, सुचलं नाही. सिरिल स्वयंपाकघरात बसला होता. मी म्हटलं, पुन्हा उडवू, या वेळी मागे कुणी नाही, नारिंगी पट्टाही नको, पडलं तर पडलं. तो म्हणाला की सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो, आता समोर खिडकी आणि भिंत यांतला फरक कळतो, एवढंच.

"तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"त्या विमानाला सरळ उडायची अक्कलच नाही. मी बांधलंय. हात सोडला की ते पडायला हवं होतं." मग म्हणाला, "तुम्ही ते पडू द्यायला हवं होतं. माझ्या हातून पडलं असतं."

 

क्लबच्या पत्रकात नव्या उड्डाणांची नोंद मी लिहितो. कागद घेऊनच गेलो होतो. विमान, बांधणारा, उडवणारा. मी म्हटलं, अकरा सेकंद तुझे आहेत, मी मोजलेत, तुझं नाव लिहितो. तो म्हणाला, "उतरवलं कुणी?" मी पेन उघडलं. "मग त्याचं लिही."

लिहिलं. उडवणारा, रोलंड एल्विज. मोठ्याने वाचून दाखवलं. सिरिलने हात पुढे केला, कागद माझ्याकडून घेतला आणि सिंकपाशी उभ्या असलेल्या मेव्हिसच्या दिशेने धरला. तिने हात पुसले आणि वाचलं. मी वाचलं होतं तेच. तेव्हा कुठे त्याने मान हलवली.

अजून मी जातो, महिन्यातून दोनदा. गावातल्या भानगडी सांगतो, डेरेकच्या तिसऱ्या बाईचं सांगतो. पूर्वी यावर तो पोट धरून हसायचा. आता मी बोलून संपवलं की तो स्वयंपाकघराकडे तोंड वळवतो आणि विचारतो, "मेव्हिस, खरंय का हे?"