गिरणीच्या तळघरातली नर्स

माझी आत्या नर्स झाली तेव्हा आमच्या गावात बाईने हे काम करणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. आजोबांनी दोन वर्षं अबोला धरला. आत्या म्हणायची, "अभ्यासाला तेवढीच शांतता मिळाली."

लढाई पेटली आणि तिला सरहद्दीजवळच्या शहरात पाठवलं. दवाखान्यावर बॉम्ब पडल्यामुळे जखमींना कापड गिरणीच्या तळघरात ठेवलं होतं. चाळीसेक खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर. तिथे नर्स म्हणून आलेली ही पहिलीच बाई. डॉक्टरांनी तिला चादरी धुवायला बसवलं. आठवड्याभरात शहराला वेढा पडला. मग एके सकाळी डॉक्टर पाणी आणायला वर गेले ते परतलेच नाहीत. सगळंच तिच्या गळ्यात पडलं.

खिडकी एकच, छताला लागून, तीही वाळूच्या पोत्यांनी बुजवलेली. हवा कोंदट. त्याच पट्ट्या उकळून पुन्हा बांधायच्या. जिन्यावरच्या दारातून डोकं काढलं की गोळी यायची.

एकदा त्याच दारात शत्रूचा एक शिपाई जखमी होऊन पडला. आत्याने त्याला आत ओढलं. कंपाउंडर भडकला, "बाई, हा त्यांचा माणूस आहे!"

"असू दे. ताप किती आहे ते सांग आधी."

चाळिसाव्या दिवशी तासभर गोळीबार थांबला आणि मदतीची गाडी आली. जागा सहा जणांची. गाडीवरचा अधिकारी म्हणाला, "ताई, आधी तुम्ही बसा."

"आणि यांच्या जखमा कोण धुणार? तुम्ही?"

तिने सहा स्ट्रेचर चढवले, दार लावलं आणि जिन्यातच बसून हमसून हमसून रडली. "मोठेपणा कसला गं," मला सांगताना म्हणाली, "पाय गाडीकडेच ओढत होते. दार लावलं तेव्हा वाटलं, स्वतःलाच पुरलं."

आणखी महिन्याने वेढा उठला. तोवर अकराजण दगावले होते. तो शिपाई वाचला.

घरी आल्यावर तिला बंद खोलीत बसवेना. जेवतानाही उंबऱ्याजवळच बसायची. वर्षभरात ती पुन्हा निघाली, निर्वासितांच्या छावणीत. तिथे तिने दवाखाना उभारला, मुलींना नर्सिंग शिकवलं. सरकार पक्की इमारत द्यायला तयार होतं, पण तिने तंबूच मागितले. पावसाळ्यात सगळ्यांचे हाल व्हायचे, मुली कुरकुरायच्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही.