चार फुटांवरचं होल

विमानतळावर बसून लिहितोय.

ज्या ऑफिसच्या कामासाठी इथे आलो ते काल संपलं, म्हणून आज सकाळी दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, गोल्फला नेलं. परदेशात गोल्फ म्हणजे चावणारे भाड्याचे बूट आणि दुसऱ्याच्या मापाच्या काठ्या. तरीही आज मी कधी नव्हे इतका छान खेळत होतो.

सतराव्या होलपासून चेंडू चार फुटांवर होता आणि सायरन वाजला. इथे वीज पडायची शक्यता असली की सायरन वाजतो आणि सगळे खेळ टाकून शेडकडे निघतात.

दाजी म्हणाले, "ठेव ती काठी, चल."

वर चक्क ऊन होतं. "एकच फटका, दाजी. संध्याकाळी फ्लाइट आहे, परत कधी येणार मी?"

ते निघाले. मी वाकून नेम धरत राहिलो. बघता बघता अंधारून आलं आणि मागून कुणीतरी माझा दंड धरला. दाजी होते. शेडमध्ये पोहोचलेला माणूस त्या मोकळ्या मैदानातून परत आला होता.

आम्ही पळालो. शेडमध्ये शिरतोय तोच अगदी जवळ वीज कडाडली.

दाजी एवढंच म्हणाले, "तुझ्या ताईला काय सांगितलं असतं मी?"

चोआ चू कांग भागातल्या ताईच्या घरी आल्यावर तिने स्कोअर विचारला. दोघंही खाली मान घालून जेवत राहिलो.

मी चार फुटांसाठी थांबलो होतो. ते माझ्यासाठी परत आले. खरं सांगा, तुम्ही आला असता?