न पुसलेली खुर्ची

आमच्या शेजारच्या काकूंनी परवा कमाल केली, कमाल! आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

या बाई तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात वांगी विकतात. समोरच्याला येवो न येवो, मोठ्यानं मराठीच बोलतात आणि पदरानं खुर्ची पुसल्याशिवाय कोणाला बसू देत नाहीत. पुसावीच लागते, समोरच सिमेंटचा कारखाना आहे. त्याच्या भट्टीत बाहेरच्या कंपन्यांचा रासायनिक कचरा जाळू लागल्यापासून तर आमचा घसाही जळतो.

आमच्या तक्रारीवरून परवा प्रदूषणवाले साहेब बाजारात आले. कारखान्याचा माणूस त्यांना मोबाइलवर चिमणीवरच्या धूर मोजणाऱ्या यंत्राचे आकडे दाखवत होता. सगळं ठीक! साहेब निघणार, तेवढ्यात काकू ओरडल्या, "साहेब, उभे काऊन राह्यले? बसा ना!"

आणि खुर्ची पुसलीच नाही! मी बघतच राहिलो. साहेब पांढऱ्या पँटीनं बसले आणि उठले ते राखाडी होऊनच! कारखान्याचा माणूस रुमाल घेऊन धावला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "सकाळीच पुसली होती, साहेब. आमी रोज हेच खाऊन राह्यलो."

साहेबांनी ती धूळ बोटावर घेतली, हुंगली आणि त्या माणसाला म्हणाले, "नंबर छोडो. भट्टी में क्या डालते हो, वो दिखाओ. अभी!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! काकूंनी मात्र पदर घेतला आणि दुसरी खुर्ची लख्ख पुसून ठेवली.

"जाऊन या, साहेब. मी च्या ठेवते."