बदामाची कोरी राणी

साठ सालच्या आसपास मी मिठबावला मास्तर होतो आणि पत्त्यांच्या जादूने मला झपाटलं होतं. सावंतवाडीहून एकसारखे दोन कॅट आणून मी एक जादू महिनाभर आरशासमोर बसवली. समोरच्याने ओढलेला पत्ता त्याच्यादेखत फाडायचा, तुकडे मुठीत दाबायचे आणि फुंकर मारून अख्खा पत्ता काढून दाखवायचा. तो अर्थात दुसऱ्या कॅटमधला.

शाळेत ती करून दाखवली, तर कोणाला काही कळलं नाही. मग एका रविवारी सकाळी मी ती जादू किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायकांना दाखवली. तारल्यांची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने पत्ता ओढला, तो मला हवा तोच, बदामाची राणी. मी चार तुकडे केले, डाव्या मुठीत दाबले आणि फुंकर मारून अख्खी राणी तिच्या हातात ठेवली. बाकीच्या जणी पाट्या सोडून जवळ आल्या. म्हातारी मात्र पत्ता उन्हात धरून उलटापालटा करत राहिली.

"मास्तरांनू, ह्यो माझो न्हय," ती हळूच म्हणाली. "माझ्या पत्त्याक खवळां लागलली. ह्यो कोरो आसा."

मला तिचा रागच आला. महिनाभर आरशात मी फक्त माझेच हात बघितले होते, आणि तिच्या बोटांवर तारल्यांची खवलं चमकत होती.

मी काही बोलायच्या आत तिने राणीवर अंगठा दाबला आणि खवलं चिकटलेला पत्ता सगळ्यांना दाखवला. बायका खूश होऊन पाट्यांकडे परतल्या.

"आता सांगा," तिने विचारलं, "माझो खंय आसा?"

मी डावी मूठ उघडली.