नीलमच्या पेशी

नीलमच्या भावाचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते आणि सेंट्रिफ्यूज फिरत होतं. "ताई, नीलम गेली," एवढंच तो म्हणाला. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि यंत्र थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. थांबल्यावर नळ्या काढून बर्फात ठेवल्या, कारण तसंच करायचं असतं आणि ते मला तिनेच शिकवलं होतं. मग रिक्षा पकडून जोगेश्वरीला तिच्या घरी गेले. त्याला आता दीड महिना होईल...

नीलम माझ्याहून मोठी, पण आमच्यात ताई-बिई कधी नव्हतं. तिचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. चाळीतल्या एका खोलीत वाढलेली ही मुलगी अंधेरीतल्या आमच्या संस्थेत मेंदूवर काम करायची. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या मेंदूतून काढलेला तुकडा, त्याच्या संमतीने, आमच्याकडे येतो. त्यातून मेंदूची राखण करणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्यांच्यातली कुठली जनुकं चालू आहेत, कुठली बंद, ते वाचायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण या पेशी फार हळव्या असतात. मी नवी होते, भराभर हात चालवायचे, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहायची. "शुभा, यांना घाई कळते गं. जोर लावलास की घाबरतात. मग मेंदूत काय चाललं होतं ते सांगतच नाहीत, तुझ्या हाताच्याच तक्रारी करत बसतात."

गेल्या वर्षी तिचे शब्द अडायला लागले. चिमटा हवा असला की "ते टोकदार दे" म्हणायची आणि स्वतःच हसायची. दगदग होतेय, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. मग एका दुपारी बोलता बोलता तिचा उजवा हात आखडला आणि ती टेबलाखाली कोसळली. स्कॅनची फिल्म तिने खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि पाकिटात परत घातली. डॉक्टरांना तिने काहीच विचारलं नाही. मेंदूतल्या तसल्या गाठींवरच तर आमचं काम होतं.

ऑपरेशनच्या आधी तिने आपला तुकडा संशोधनाला द्यायच्या कागदावर सही केली. मी म्हटलं, मला हे जमणार नाही, दुसऱ्या कुणाला सांग. ती चिडली. "कुणाला सांगू? तूच कर. आणि माझं आहे हे डोक्यातून काढून कर, नाहीतर वाट लावशील."

डब्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण त्या दिवशी ऑपरेशन एकच होतं. बर्फात शेंगदाण्याएवढा करडा-गुलाबी तुकडा... इतकी वर्षं असे तुकडे हाताळले, पण त्यात कुणाचं तरी बोलणं असेल हे कधी मनात आलं नव्हतं. पात्याने तो बारीक केला, काचेच्या नळीत काचेच्याच दांडीने सावकाश दाबला, गाळला. दुधावर साय यावी तशी मेंदूतली चरबी वर तरंगून आली, ती काढून टाकली. मग हव्या त्या पेशींना लोखंडाचे सूक्ष्म मणी चिकटवून त्या चुंबकाने ओढून घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळ्या जिवंत, स्वच्छ. इतकं नेटकं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. क्षणभर मला आनंद झाला, आणि मग मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

निकाल आला तोवर तिचं रेडिएशन सुरू झालं होतं, केस गेले होते. मला पाहताच तिने विचारलं, "माझं आलं?" मी लॅपटॉप उघडून दिला. राखण करणाऱ्या पेशींतली लढणारी जनुकं गप्प होती. गाठीला पोसणारी, तिला पसरायला जागा करून देणारी तेवढी जोरात चालू होती. असं होतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं... दुसऱ्यांच्या बाबतीत. शब्द सापडायला तिला वेळ लागला. "घरचेच," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला. तिच्या उपचाराला या निकालाचा काडीचा उपयोग नव्हता, हे ती आधीपासून जाणून होती. त्यानंतर एकेक शब्द जात राहिला. शेवटी 'आये' ही हाक तेवढी उरली, आणि मग तीही गेली.

तेराव्याला गेले तेव्हा तिच्या आईने मला आत बोलावलं. नीलमच्या डोक्यातलं काहीतरी आमच्याकडे दिलंय, हे तिला संदीपकडून कळलं होतं. माझा हात धरून तिने हळूच, मालवणीत विचारलं, "मगे तिचा थोडा अजून थय आसा ना?" मी खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. जनुकं वाचायची तर पेशी फोडावी लागते. काही उरत नाही. तेवढंच मी सांगितलं, शक्य तितक्या हळू. आईने माझा हात सोडला आणि पाहुण्यांच्या पानांचं बघायला ती उठून गेली.

परवा संस्थेतल्या शीतखोलीत काही आणायला गेले. दारामागच्या खिळ्याला नीलमचा जांभळा स्वेटर अजून तसाच आहे. मुंबईत कामाला येताना स्वेटर आणणारी ती एकटीच, त्यावरून सगळे तिला चिडवायचे. कोपरांवर विरलाय. मी तो काढून नाकाशी धरला, बराच वेळ धरला. इतक्या थंडीत कशालाच वास राहत नाही.