समस्त ग्रामस्थांचा दशावतार

पुरोहितबुवांनी दर्भाची जुडी गोमूत्रात बुडवली आणि सपासप भिंतीवर शिंपडली. माझ्या बापाने रंगवलेल्या भिंतीवर. आम्ही दोघं देवळाच्या पायरीखाली उन्हात उभे होतो. मी तिसरीत असेन.

भिंतीवर दशावतार होता. सभामंडपाची अख्खी उजवी बाजू. कल्याणहून एसटीने तासाभरावर आमचं गाव, आणि तिथे तेव्हा चित्र काढणारा माणूस एकच, माझा बाप. दुकानांच्या पाट्या, लग्नघरावरचे गणपती, शाळेच्या भिंतीवरचे पुढारी, सगळं तोच करायचा. आमची वस्ती गावाबाहेर. जात गावाला चालत नव्हती, हात चालायचा. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, मूर्ती बाहेर मांडवात हलवली, तेव्हा त्याला आत घेतला. देव नसलेल्या देवळात आम्ही चालतो, हे मला तेव्हा कळलं.

"दोन दिवस द्या अण्णा, रंग वाळला की वॉर्निश मारतो," बाप म्हणालेला. अण्णा म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. मुहूर्त थांबत नाही म्हणाले. आणि देव परत आत यायच्या आधी आमचा हात लागलेली भिंत शुद्ध व्हायला हवी होती.

सरसात कालवलेले पावडरचे रंग ते. पाणी लागलं की सुटणारच. रामाचा निळा ओघळून पायाशी आला. नरसिंहाचं तोंड गेलं. वामनाची छत्री त्याच्याच अंगावर उतरली. जमलेल्या बायका आधी हसल्या, मग घाबरल्या. अण्णा बाहेर आले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "भाड्या, कसले रंग वापरलेस? देवाला पण फसवतोस?"

चोराच्या उलट्या बोंबा! मला वाटलं, आता बाबा बोलेल. सांगेल, तुमच्या गोमूत्रानं गेला रंग.

बाबा म्हणाला, "चुकलं अण्णा. परत करून देतो."

परत केलं. पण एव्हाना देव गाभाऱ्यात बसलेला. मग गाभाऱ्याला पडदा लावला, बापाला मागच्या दाराने आत घेतलं, आणि काम संपल्यावर पुन्हा शिंपडलं. या खेपेला फक्त फरशीवर, तो उभा राहायचा तिथे. बुवा स्वतः म्हणाले, "भिंतीवर नको, रंग जाईल."

म्हणजे कळत होतं त्यांना. तेव्हाही कळतच होतं. हे मला आजही गिळता येत नाही.

बाप गेला. मी चित्रकला रीतसर शिकले. विठ्ठलवाडीला राहते, क्लास घेते, स्वतःची चित्रं काढते. गेल्या महिन्यात फोन आला. गावाहून येऊन ठाण्यात बस्तान बसवलेली मंडळी नौपाड्यात प्रदर्शन भरवत होती, 'आपल्या गावचे चित्रकार: काल आणि आज'. माझी दोन चित्रं हवी होती. खोटं कशाला बोलू, नवी साडी नेसून गेलेले. वाटलं, 'काल'मध्ये बाबा असणार.

होता की! त्याच्या दशावताराचा भिंतभर फोटो. खाली लिहिलेलं, 'कलाकार: समस्त ग्रामस्थ'.

शेजारी एका डॉक्टरांनी हौसेने काढलेलं कमळ. त्याखाली पदव्यांसकट नाव.

अण्णांचा मुलगा आता ट्रस्ट बघतो. गोड बोलणारा माणूस. मला स्वतः कॉफी आणून दिली. मी विचारलं, "बाबांचं नाव का नाही?"

"अगं, रेकॉर्डला काही नाही ना. आणि तेव्हा सगळ्या गावानेच हातभार लावलेला." मग हळूच मुद्द्यावर आला. भिंतीला ओल आलीय, रंग उडालेत. "तू करून दे ना. बाबांचा हात आहे तुझ्यात. नाव टाकू, मोठ्ठं टाकू. तुझंही, त्यांचंही."

मी विरघळले. देवळाच्या भिंतीवर माझ्या बापाचं नाव! त्यासाठी मी जिवाचं रान केलं असतं.

"फक्त गणपतीआधी उरक," तो म्हणाला. "मग शुद्धी करून घेऊ."

"कसली शुद्धी?"

"अगं, ते नॉर्मल असतं. कुणीही काम केलं तरी करतात. मनाला लावून नको घेऊस."

"मागच्या वर्षी देवळात टाइल्स बसवल्यात. गावच्या ग्रुपवर फोटो बघितले मी. तेव्हा केलेली?"

"टाइल्सचं वेगळं असतं गं," म्हणत तो माझा कप उचलायला लागला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला मारून त्याच्या पोरीला बोलावणं धाडलेलं.

मी उठले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले. "ही भिंत माझ्या बापाने रंगवली. तुम्ही ती गोमूत्राने धुतलीत आणि शिव्या त्याला घातल्यात. मी तिला ब्रश लावणार नाही." माझी दोन्ही चित्रं खिळ्यावरून काढली. मागून कुणी बाई म्हणाल्या, "काय गं, एवढ्या चांगल्या कार्यक्रमाचा विचका केलास." केला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता ओल चढतेय म्हणे. चढू दे. पोपडे पडू देत रामाचे. देव गाभाऱ्यात बसलेला असताना आमच्यातलं माणूस पुढच्या दाराने आत जाईल, त्याचं नाव आधी भिंतीवर लागेल, आणि तो बाहेर पडल्यावर कुणी थेंबभर काही शिंपडणार नाही, त्या दिवशी मी येईन. तोवर आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला गोड बोलून मागच्या दाराने घ्यायला गेलात, तर त्या दारात मी आडवी पडलेली असेन. ही धमकी आहे. धमकी म्हणूनच घ्या.