सुकलालकाकांचा आरसा

संगणकापुढे बसायचं म्हटलं की सुकलालकाका आधी पाण्याची वाटी मागायचे. चाळीस वर्षं मातीचे गणपती घडवलेला माणूस, बोटं ओली केल्याशिवाय हातच चालायचा नाही. मग तीच ओली बोटं संगणकाला जोडलेल्या पेनाच्या पाटीवर! "अहो काका, करंट आहे त्याला!" मी ओरडायचे. ते शर्टाला बोटं पुसत म्हणायचे, "चुकलं, ताई. हात ऐकत नही."

खांदा निकामी झाल्यानं डॉक्टरांनी त्यांना माती कालवणं बंद करायला लावलं होतं. सुरतेत आमच्या कारखान्यात दागिन्यांचे नमुने आधी संगणकावर घडवतात. पडद्यावरचा गोळा दाबायचा, ओढायचा, कोरायचा. काका काम मागायला आले, तेव्हा शेठ त्यांना म्हणाले, "पंधरा दिवसांत लॉकेटचा गणपती करून दाखवा, नोकरी पक्की." शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काका रोज सुरतेतल्याच गोडादऱ्याहून माझ्याही आधी येऊन बसायचे.

डोक्याला ताप झाला तो आरशाचा. या प्रोग्रॅममध्ये आरशाची सोय असते. डावा डोळा कोरला की उजवा आपोआप उमटतो. काकांचा उजवा डोळा मात्र कधी गालावर, तर कधी कानापाशी! मी पेन बदललं, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, संगणक दहा वेळा बंद-चालू केला. शेवटी नवा गोळा घेऊन मी स्वतः डोळा काढला, तर दोन्ही जागच्या जागी.

"बघा, माझ्या हातात नीट चालतंय. तुम्हीच भलतंसलतं काहीतरी दाबता!"

"देवाची शप्पथ, ताई, मी काय नही दाबत."

रोज हेच. माझं स्वतःचं काम तुंबलेलं, त्यात हे. एकदा ते चाचरत म्हणाले, "ताई, एक विचारू? मूर्ती फिरवली की आरसा बी..."

"काका, आधी डोळा काढा हो!"

ते पुन्हा डोळा काढायला लागले. खरं तर त्यांचा हात इतका देखणा होता की नुसती सोंड बघून मी मनात चरफडायचे. दहा वर्षं हे काम करून माझी सोंड अजून रबरी नळीसारखी येते. जवळून बघायला ते कधी वाकायचे नाहीत. "मूर्तिकारानं जागा सोडायची नाही, मूर्ती फिरवायची," असं म्हणायचे.

पंधराव्या दिवशी शेठ आले. पडद्यावर एक डोळा गालावरून ओघळल्यासारखा. "काका, भगवान आवा होय?" देव असा असतो का, एवढंच विचारलं. काकांनी शेठना हात जोडले, मग पडद्यावरच्या गणपतीला जोडले आणि पिशवी उचलून निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांची फाइल पुसायला बसले. सहज त्यांच्यासारखं बटण दाबून मूर्ती फिरवली आणि कपाळावर हात मारला. ते बटण आपली नजर फिरवत नाही, अख्खी मूर्तीच फिरवतं. मूर्ती वळते, आरसा जागीच राहतो, म्हणून दुसरा डोळा भलतीकडे उमटतो. मी स्वतः रिकाम्या जागेत पेन ओढून नजर फिरवते. काकांना दुखऱ्या खांद्यामुळे ते जमेना, तेव्हा हे बटण मीच दाखवलं होतं, पहिल्याच दिवशी, घाईत. आणि मातीच्या माणसाला त्यात वावगं काय वाटणार? मूर्ती सरळ केली, एक डोळा कोरला. दुसरा बरोब्बर उमटला.

धावत शेठकडे गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी आदल्याच दिवशी दुसऱ्याला ठेवलं होतं.

मग काकांना फोन केला.

"अरे वा, सापडलं का?" ते खरोखर खूश झाले. "माले तिसऱ्या दिवशीच शंका आली होती."

"मग नीट सांगितलं का नाही?"

"विचारलं ना एकदा. तू रागावली. म्हटलं, पोर आधीच माझ्यापायी वैतागलीय, अजून कशाला डोकं खायचं."

ते पुढे म्हणाले, "मंग आता उद्या येऊ का, ताई? आता जमेल मला."

त्यांच्या खुर्चीवर नवा माणूस बसला होता. हे त्यांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.